खांदा, कावड आणि डॉक्टर कॉडमनची कार्डे

विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून ज्या जागी घट्टे पडलेले असतात, तिथे हळद आणि तूप चोळायचे, गरम पाण्याचा शेक द्यायचा आणि त्या दिवशी बैलाला कामाला जुंपायचे नाही, असा हा रिवाज आहे. ओझे वाहणारा खांदा झिजतो, त्याला विश्रांती लागते, ही समज आपल्या शेतकऱ्याला फार जुन्या काळापासून आहे.

बैलामागून चालणाऱ्या माणसाच्या खांद्याचे काय? चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हा प्रश्न साधा नाही. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. इथल्या पुष्कळशा कामांचा भार शेवटी खांद्यावर येतो. धानाच्या पेंढ्या कावडीने खळ्यावर नेणे, सरपणाची मोळी उचलून डोक्यावर घेणे, कुऱ्हाडीने लाकूड फोडणे, बांबू तोडून ओढत आणणे, पाण्याची गुंडी डोक्यावर चढवणे, ही यादी बरीच वाढवता येईल. चंद्रपूरच्या कोळसा खाणींत तर कितीतरी वर्षे कोळशाच्या टोपल्या माणसांनीच भरल्या आणि वाहिल्या. पन्नाशी-साठीतला एखादा माणूस एक दिवस म्हणतो, ‘हात वर जात नाही.’ घरचे म्हणतात, ‘खांदा धरला.’ वय झाले, असे म्हणून पुष्कळदा तो विषय तिथेच संपतो.

खांदा धरतो म्हणजे आत नेमके काय होते, हे कळायला वैद्यकाला शंभर वर्षे लागली. तुटलेले शिवता येते, हे कळल्यावरही एक प्रश्न उरला. शिवल्याने माणूस खरोखर बरा होतो का? हा इतिहास मुख्यतः त्या प्रश्नाचा आहे.

उथळ बशीतला चेंडू

आधी रचना पाहू. आपल्या शरीरातला सर्वांत जास्त फिरणारा सांधा खांद्याचा. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल आहे आणि ते पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाला असलेल्या खोबणीत बसते. मांडीच्या सांध्यातली खोबण वाटीसारखी खोल असते. खांद्यातली मात्र बशीसारखी उथळ आणि चेंडूच्या मानाने बरीच लहान असते. हात चहूकडे फिरतो तो या उथळपणामुळे, आणि सांधा निसटण्याचा धोकाही त्याच उथळपणामुळे असतो.

मग चेंडू बशीत राहतो कसा? हाडांनी जे केले नाही ते इथे स्नायू करतात. फऱ्याच्या हाडावरून चार स्नायू निघतात. एक वरून, एक पुढून आणि दोन मागून येतात. स्नायू ज्या चिवट दोरीने हाडाला जोडला जातो तिला कंडरा म्हणतात. या चार स्नायूंच्या कंडरा शेवटी एकमेकींत मिसळतात आणि चेंडूला टोपीसारखे झाकून त्याच्यावर चिकटतात. सदऱ्याच्या बाहीचा कफ जसा मनगटाला वेढतो, तसे हे वेष्टण चेंडूला वेढते. म्हणून त्याला ‘रोटेटर कफ’ हे नाव पडले.

खांद्याच्या बाहेरून दिसणारा मोठा स्नायू हात वर ओढतो. तो एकटाच ओढू लागला तर चेंडू बशीतून वर सरकून छपरासारख्या हाडावर आदळेल. कफचे स्नायू त्याच वेळी चेंडूला बशीत दाबून धरतात. शिडी उभी करताना एक जण तिचा पाय दाबून धरतो आणि दुसरा ती वर ढकलतो, तसेच हे आहे. पाय दाबणारा सुटला की शिडी उभी राहण्याऐवजी सरकते.

खांद्यावर किती ताण येतो, याचा हिशोब आठवी-नववीच्या मुलांना तरफेच्या नियमाने करता येईल. ५० किलो वजनाच्या माणसाचा एक हात साधारण अडीच किलोचा असतो. हात बाजूला आडवा धरला की त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर येतो. हात उचलणारा स्नायू मात्र सांध्यापासून फक्त सुमारे ३ सेंटीमीटर अंतरावर ओढतो. अंतर दहापट कमी, म्हणून बळ दहापट जास्त लागते. नुसता रिकामा हात आडवा धरायला २५ किलो वजनाइतके बळ हवे. आता त्या हातात, सांध्यापासून ६० सेंटीमीटरवर, २ किलोचा डबा द्या. त्या डब्यासाठी आणखी ४० किलो लागतील. म्हणजे २ किलोचा डबा धरताना खांद्याचा स्नायू ६५ किलो ओढत असतो. हा हिशोब ढोबळ आहे, पण मोळी डोक्यावर चढवताना खांद्यात काय घडत असेल याची कल्पना त्यातून येते.

हे बळ रोज, हजारो वेळा, वर्षानुवर्षे लागत राहिले की कंडरेचे धागे झिजतात. वयाबरोबर तिची लवचीकता आणि दुरुस्तीची क्षमताही कमी होते. सर्वांत वरची कंडरा दोन हाडांच्या फटीतून जाते आणि बहुधा तीच पहिल्यांदा फाटते. कधी पडल्यामुळे किंवा एकदम हिसका बसल्यामुळे ती एका क्षणात फाटते. जास्त वेळा मात्र ती जुन्या लुगड्यासारखी विरत विरत जाते.

न दिसणारी इजा

खांद्याच्या दुखण्याची नोंद जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अवबाहुक नावाचा विकार आहे. खांद्यात शिरलेला वायू तिथली बंधने सुकवतो आणि हात जखडतो, असे त्याचे कारण दिले आहे. कारणाची भाषा त्या काळची आहे, पण दुखणे हाडाचे नसून बंधनांचे आहे हे निरीक्षण लक्षात घेण्यासारखे आहे.

कंडरा फाटलेली प्रत्यक्ष पाहून तिचे वर्णन करण्याचे श्रेय लंडनच्या जे. जी. स्मिथ यांना दिले जाते. त्यांनी १८३४ साली शवविच्छेदनात दिसलेल्या अशा सात खांद्यांची हकिकत छापली. ती माणसे जिवंत असताना त्यांच्या खांद्यात हे आहे, असे कोणाला कळले नव्हते. पुढे १८७२ साली फ्रान्समध्ये द्युप्ले यांनी खांद्याच्या भोवतालच्या भागाची सूज असे एक निदान सुचवले. पुढची कित्येक वर्षे खांद्याची बहुतेक दुखणी त्याच एका नावाखाली जमा होत राहिली. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, पण त्यांनीही हा प्रश्न सुटला नाही. क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते, कंडरा दिसत नाही. चित्र स्वच्छ आले की डॉक्टर म्हणत, हाड ठीक आहे. आणि रुग्णाचा हात वर जात नसे.

बॉस्टनचा हट्टी डॉक्टर

या ठिकाणी अर्नेस्ट कॉडमन यांचा प्रवेश होतो. त्यांचा जन्म १८६९ सालचा, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातला. हार्वर्डमध्ये वैद्यक शिकत असताना त्यांना आणि त्यांचे मित्र हार्वी कुशिंग यांना शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाला ईथरची भूल द्यावी लागे. भूल देताना रुग्ण दगावतही. दोघांनी रुग्णाच्या नाडीचे आणि श्वासाचे तक्ते लिहून ठेवायला सुरुवात केली. मोजले म्हणजे चूक कुठे होते ते कळते, हा धडा कॉडमन तिथे शिकले आणि पुढे आयुष्यभर विसरले नाहीत.

१९०९ साली त्यांनी फाटलेली कंडरा शस्त्रक्रियेने शिवली आणि १९११ साली अशा दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जर्मनीत असे तुरळक प्रयत्न आधी झाले होते. पण हा विकार ओळखावा कसा, तो कोणाला होतो आणि त्यावर काय करावे, याचा सलग अभ्यास कॉडमन यांनी केला. हात वर होताना फऱ्याचे हाड आणि दंडाचे हाड एका लयीत हलतात, हे त्यांनी दाखवले. हे वर्गात सहज पाहता येते. एका मुलाला हात बाजूने हळूहळू वर न्यायला सांगा आणि त्याच्या फऱ्याच्या हाडाच्या खालच्या टोकावर दुसऱ्याने बोट ठेवावे. हात १८० अंश वर जाईपर्यंत साधारण १२० अंश चेंडूच्या सांध्यातून आणि ६० अंश फऱ्याच्या हाडाच्या फिरण्यातून येतात. ‘गोठलेला खांदा’ हे आज सर्वत्र वापरले जाणारे नावही त्यांनीच दिले.

गोठलेला खांदा आणि फाटलेली कंडरा या दोहोंना आपण ‘खांदा धरला’ असेच म्हणतो, पण त्यांत मोठा फरक आहे. गोठलेल्या खांद्यात सांध्याचे वेष्टणच आकसते. रुग्णाला हात वर नेता येत नाही आणि दुसऱ्याने उचलला तरी तो जात नाही. मधुमेह असलेल्यांत हा विकार जास्त आढळतो आणि तो बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत बराच निवळतो. कंडरा मोठी फाटली असेल तर दुसऱ्याने हात उचलल्यास तो वर जातो, पण सोडला की माणसाला तो तिथे तोलता येत नाही, हात खाली पडतो. निदान डॉक्टरांनीच करायचे असते, पण हा फरक माहीत असला तर ‘वयामुळे’ म्हणून गप्प बसण्याऐवजी योग्य ठिकाणी जाता येते.

कॉडमन यांचे खांद्यावरचे काम मोठे, पण त्यांचा एक हट्ट त्याहून मोठा होता. ते म्हणत की रुग्णालयाने प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड ठेवावे. आजार काय, उपचार काय केला हे त्यावर लिहावेच. त्याशिवाय वर्षभराने रुग्णाला पुन्हा बोलावून, तो बरा झाला का, नसेल तर का नाही, हेही लिहावे आणि ते सर्वांपुढे ठेवावे. आज हे ऐकून यात नवे काय, असे वाटेल. पण त्या काळी शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे रुग्ण टेबलावरून जिवंत उठला, एवढाच अर्थ पुष्कळदा घेतला जाई. रुग्णालयात डॉक्टरची बढती वयाने आणि ओळखीने होई, त्याच्या रुग्णांचे पुढे काय झाले यावर होत नसे.

कॉडमन यांनी १९११ साली स्वतःचे छोटे रुग्णालय काढले. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या बाबतीत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनी मोजल्या आणि छापून जाहीर केल्या. बढतीच्या पद्धतीचा निषेध म्हणून त्यांनी १९१४ मध्ये मोठ्या रुग्णालयातली जागा सोडली. १९१५ मध्ये डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघडे केले. त्यात वाळूत डोके खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देत होता. श्रीमंत रुग्ण पैसे देतात आणि काय मिळाले ते पाहत नाहीत, असा त्याचा रोख होता. सभेत गदारोळ झाला आणि कॉडमन यांना वैद्यकीय संस्थेतले पद सोडावे लागले. त्यांचे छोटे रुग्णालयही फार काळ चालले नाही. १९३४ साली त्यांचा खांद्यावरचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि १९४० साली ते वारले. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.

टाक्यांपासून दुर्बिणीपर्यंत

कॉडमन यांच्यानंतर शस्त्रक्रियेचे तंत्र पुढे गेले. सांध्यात रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र काढले तर फाटलेल्या जागेतून ते बाहेर झिरपताना दिसते, ही युक्ती १९३० च्या दशकात आली. पुढे ध्वनिलहरींची सोनोग्राफी आणि चुंबकीय क्षेत्रावर चालणारी एमआरआय आली आणि कंडरा प्रत्यक्ष दिसू लागली.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी १९७२ साली एक विचार मांडला. खांद्यावरचे हाडाचे छप्पर खालच्या कंडरेवर घासते आणि म्हणून ती झिजते, तेव्हा छपराचा थोडा भाग तासून काढावा, असे त्यांचे म्हणणे होते. कल्पना पटण्यासारखी होती. दाराची चौकट घासत असेल तर सुतार रंधा मारतोच. पुढच्या काही दशकांत ही शस्त्रक्रिया जगभर फार मोठ्या प्रमाणावर झाली.

दुसरी वाट जपानमधून आली. केन्जी ताकागी यांनी १९१८ साली टोकियोत मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी प्रत्यक्ष वापरता येईल अशी सांध्याची दुर्बीण तयार केली. १९८० आणि १९९० च्या दशकांत ती खांद्यात पोहोचली. आता अर्धा-एक सेंटीमीटरच्या तीन-चार छिद्रांतून शस्त्रक्रिया होते. हाडात छोटा खिळा रोवतात, त्याला दोरे जोडलेले असतात आणि त्या दोऱ्यांनी कंडरेची फाटलेली कड ओढून हाडाला बांधतात. खाट रोवताना खुंटी ठोकून सुंभ ताणावा, तसे हे काम आहे. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेल्या खांद्यासाठी फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये एक उलटा कृत्रिम सांधा योजला. त्यात बशीच्या जागी चेंडू आणि चेंडूच्या जागी बशी असते, म्हणजे कफ नसतानाही बाहेरचा मोठा स्नायू हात उचलू शकतो.

कार्डे पुन्हा उघडली

तंत्र एवढे सुधारल्यावर कॉडमन यांचा प्रश्न पुन्हा पुढे आला. त्याची उत्तरे अनपेक्षित निघाली.

पहिले आश्चर्य १९९५ सालचे. अमेरिकेत ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता अशा ९६ माणसांची एमआरआय केली गेली. साठीच्या पुढच्या लोकांपैकी ५४ टक्क्यांच्या कंडरेत थोडी किंवा पूर्ण फाट होती. म्हणजे फाट आणि दुखणे यांची जोडी दरवेळी जुळत नाही. चित्रात फाट दिसली म्हणून दुखणे तिच्यामुळेच आहे, असे धरून चालता येत नाही.

दुसरे २००४ सालचे. अमेरिकेतच, मोठ्या फाटी दुर्बिणीने शिवलेल्या १८ रुग्णांची नंतर सोनोग्राफी केली, तेव्हा १७ जणांत कंडरा पुन्हा सुटलेली आढळली. तरीही त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे कमी झाले होते आणि हात बरा चालत होता. शिवण उसवली, पण माणूस सुधारला. मग सुधारणा नेमकी कशामुळे झाली? विश्रांतीमुळे, व्यायामामुळे, की टाक्यांमुळे?

याचे उत्तर तुलनेशिवाय मिळत नाही. फिनलंडमध्ये ५५ वर्षांवरील, इजा न होता कंडरा विरलेल्या रुग्णांच्या १८० खांद्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला फक्त व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि हाड तासणे, तिसऱ्याला या दोन्हींबरोबर कंडरा शिवणे, असे उपचार मिळाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर तिन्ही गटांत लक्षात घ्यावा असा फरक नव्हता. नॉर्वेमध्ये १०३ रुग्णांचा असाच अभ्यास झाला. तिथे लहान-मध्यम फाट शिवलेल्यांची स्थिती दहा वर्षांनंतर व्यायामवाल्यांपेक्षा चांगली आढळली. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र बरेच स्पष्ट होते. हळूहळू विरलेल्या कंडरेसाठी आधी काही महिने नीट व्यायाम करून पाहावा. अपघाताने एकाएकी फाटलेल्या, विशेषतः कष्टाचे काम करणाऱ्या तरुण माणसाच्या खांद्यात मात्र शिवण्याला अर्थ आहे आणि तिथे उशीर करू नये. उशीर झाला की कंडरा मागे आकसते, ओढ न मिळालेल्या स्नायूत चरबी साठते आणि तो स्नायू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

हाड तासण्याच्या शस्त्रक्रियेची कथा आणखी बोलकी आहे. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांच्या अभ्यासात काहींचे हाड तासले, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले आणि काहींवर काहीच शस्त्रक्रिया केली नाही. ज्यांची कंडरा पूर्ण फाटलेली नव्हती पण खांदा दुखत होता, असे हे रुग्ण होते. २०१७ च्या अखेरीस निष्कर्ष आले. हाड तासणे आणि नुसती दुर्बीण घालणे यांच्या परिणामात फरक नव्हता. फिनलंडमधल्या दुसऱ्या एका अभ्यासानेही २०१८ मध्ये हेच सांगितले. जी शस्त्रक्रिया पंचेचाळीस वर्षे तर्काला पटत होती, ती मोजणीला उतरली नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने हे उदाहरण जपून ठेवावे. पटणारे स्पष्टीकरण म्हणजे पुरावा नव्हे.

दोन्ही खांदे आणि शेतीचे पंचांग

आता सर्वांत अवघड रुग्ण पाहू. त्याच्या दोन्ही खांद्यांच्या कंडरा फाटलेल्या आहेत. असे रुग्ण विरळ नाहीत. २००६ साली अमेरिकेत ५८८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या दुखऱ्या खांद्यात पूर्ण फाट होती, त्यांच्यापैकी सुमारे ३५ टक्के लोकांच्या दुसऱ्या, न दुखणाऱ्या खांद्यातही पूर्ण फाट होती. सरासरी वय पाहिले तर फाट नसलेल्यांचे ४९, एका बाजूला असलेल्यांचे ५९ आणि दोन्ही बाजूंना असलेल्यांचे ६८ वर्षे होते. दर पायरीला साधारण दहा वर्षे. शिवाय एक खांदा अधू झाला की दुसऱ्यावर जास्त भार पडतो, हे आपण रोज पाहतो.

दोन्ही खांदे एकाच वेळी शिवायचे सहसा टाळतात. शिवलेला हात चार ते सहा आठवडे झोळीत ठेवावा लागतो. दोन्ही हात झोळीत असतील तर जेवणापासून शौचापर्यंत सगळे दुसऱ्याने करावे लागेल. तीन महिन्यांपर्यंत त्या हाताने वजन उचलायचे नसते आणि जड काम सहा महिन्यांनी. टाका लवकर बसतो, पण कंडरा हाडाला जैविक रीतीने चिकटायला वेळ लागतो. आणि तो सांधाही मूळच्या रचनेसारखा होत नाही, व्रणासारख्या पेशीजालाने भरून येतो.

हे महिने गडचिरोलीच्या पंचांगावर मांडून पाहा. धानाची कापणी-मळणी डिसेंबरपर्यंत संपते, म्हणून जानेवारीत एक खांदा शिवला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हात झोळीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची ती एका हाताने. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा, जितके पुडे तितकी मजुरी, आणि रोख पैसा मिळण्याचे वर्षातले हे मोठे दिवस. तेव्हा हात अजून कच्चा असतो. जुलैत रोवणीपर्यंत तो कामाला येतो. दुसऱ्या खांद्यासाठी पुढचा जानेवारी गाठायचा आणि तेच चक्र पुन्हा फिरायचे. दीड वर्ष आणि तेंदूचे दोन हंगाम. शस्त्रक्रियेचा खर्च एखाद्या योजनेतून भागेलही, पण या दीड वर्षाच्या मजुरीचे बिल कोणत्याही रुग्णालयात तयार होत नाही. भामरागड किंवा सिरोंचाच्या माणसाला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठायचे तर प्रवासातच एक दिवस जातो. नंतरच्या व्यायामासाठी तो दर आठवड्याला कसा जाणार? चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याने अंतर काहीसे कमी झाले आहे. पण अशा रुग्णाला गावातच करता येणारा व्यायाम कोणी शिकवला, तर त्याचे मोल टाक्याइतकेच आहे.

गावात जाऊन विचारणे

कॉडमन यांचा प्रश्न रुग्णालयाच्या दारापर्यंत येणाऱ्यांसाठी होता. जे येतच नाहीत त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची पद्धत ज्या ठिकाणी घडली, त्यांतले एक ठिकाण गडचिरोलीच आहे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. दुखणे होते, पण कोणी विचारले नव्हते म्हणून ते कोणत्याही नोंदवहीत नव्हते. पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. शेजारच्या तुलनेच्या गावांत जन्म-मृत्यूंची तशीच नोंद ठेवली गेली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. ‘पुढे काय झाले’ हे दोन्हीकडे मोजले, म्हणून या आकड्याला वजन आले.

हीच दृष्टी पुढे हाडा-स्नायूंच्या दुखण्यांकडे वळली. मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात येऊन रुग्ण तपासू लागले, शस्त्रक्रिया करू लागले. दवाखान्यात येणाऱ्यांवर न थांबता गावात घरोघर जाऊन पाठीच्या आणि हातापायांच्या दुखण्याची पाहणीही झाली. तिचे नाव ‘जोहार’, म्हणजे इकडचा रामराम. ही दुखणी खेड्यांत फार पसरलेली आहेत आणि त्यांमुळे माणसांची रोजची कामे अडतात, असे त्या पाहणीत दिसले. त्यांनी जीव जात नाही, म्हणून मृत्यूच्या आकड्यांत ती कधी येत नाहीत. पण हातावर पोट असलेल्या घरात हात वर न जाणे हा आजार किरकोळ नाही.

शाळा या कामात काय करू शकेल? शल्यचिकित्सा नक्कीच नाही, पण मोजणी करू शकेल. नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या घरातल्या चाळीस वर्षांवरच्या माणसांना, त्यांच्या परवानगीने, चार प्रश्न विचारावेत. डोक्यावरून हात नेऊन केस विंचरता येतात का? फळीवरचा डबा एका हाताने काढता येतो का? दुखऱ्या कुशीवर झोपता येते का? यामुळे गेल्या वर्षी किती दिवस काम बुडाले? नावे न लिहिता वय, काम आणि उत्तरे एवढ्यांचा तक्ता करावा. सरासरी काढावी, स्त्री-पुरुषांची आणि कामांची तुलना करावी. चाळीस घरांतून काही सिद्ध होत नाही, हेही मुलांना सांगावे. मात्र सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारायला लावावे. ज्या आजीचा हात तेव्हा वर जात नव्हता, तिचे पुढे काय झाले, हे त्या दुसऱ्या फेरीत कळेल. आणि तोपर्यंत ती एकदाही डॉक्टरकडे गेली नसेल, तर तिला घेऊन जाणारे कोणीतरी त्या घरातच तयार झालेले असेल.